पेव

हरिपुरात माझे वडील हळदीच्या पेवात उतरायचे.
तोंड फोडलं की आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर आतली हवा वाईट,
दुपारपर्यंत काठावर बसून राहायचं.
नाही विझला, तर वडील.

मी मिरजेत, तिसऱ्या मजल्यावर,
एका पोलादी पेटीत हात घालते.
तीच हवा इथंही, जाणूनबुजून भरलेली, शंभरात पाच भाग.
बाकी सगळं अंगासारखं :
सदतीस अंश, ओल, अंधार.
कंदील लागत नाही, दारावर लाल आकडे आहेत.
तरी दार उघडताना मी श्वास धरते,
हे घरातून आलेलं.

आत बिराप्पा कोळेकरांची कातडी वाढते आहे.
मूळचे जतकडचे, मेंढरं विकून
शिराळ्याच्या गुऱ्हाळावर आलेले.
काहिल उतरवताना पाय घसरला.
उकळता पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही,
धरून बसतो.
पाठ गेली, दोन्ही हात गेले.
मांडीवर थोडी जागा उरली होती, तिथून आम्ही
रुपयाएवढा तुकडा मागून घेतला.
मागून, म्हणजे सहीच्या जागी अंगठा.
हाताचा भाजलेला,
म्हणून पायाचा.

पेशींना दिवसाआड भरवावं लागतं.
गुलाबी पाणी. ते पिवळं पडलं
की समजायचं, उपाशी आहेत.
ज्या गावात पिवळं म्हणजे लग्नघर
तिथं मी पिवळ्याला भिते.
भाचीच्या बारशाला, रविवारी, आईनं विचारलं,
एक दिवस उपास घडला तर मरतील का गं?
हो म्हटलं.
मग जा बाई, म्हणाली,
आणि डब्यात घुगऱ्या भरून दिल्या.

पहिली खेप गेली.
बुरशी, एका रात्रीत, कापसासारखी.
वहीत कारण लिहायचं असतं :
बहुधा माझी बाही.
मग ‘बहुधा’ खोडलं.
त्या आठवड्यात वॉर्डाकडे जाताना
मी मागचा जिना धरला.
कोळेकरांची सत्यव्वा पुढच्या जिन्यावर बसायची.
मला शोधत नव्हती ती,
तरी.

दुसरी खेप एकवीस दिवसांची.
सायीहून पातळ.
चिमट्यानं उचलली की स्वतःवरच गुंडाळायची,
झोपेत कूस बदलणाऱ्या हट्टी पोरासारखी.
सतरा तुकडे लावले.
चौदा धरले.
धरले, हा शब्द आम्ही रोपांकडून घेतलाय.

पावसाळा सरल्यावर कोळेकर आले, फडक्यात चार डाळिंबं.
गूळ आता बघवत न्हाई, म्हणाले.
डावा हात टेबलावर ठेवला.
“हितं बिरोबाचं नाव गोंदलेलं हुतं.
आता कोरंच.
उनात घाम बी फुटत न्हाई एवढ्या जागेत.
कातडी माझीच न्हवं?”
तुमचीच, म्हटलं, पण तिला घाम शिकवायचा राहिलाय.
“कवा शिकिवता?”
याला आमच्याकडे सव्वीस पानांचं उत्तर आहे, संदर्भांसकट.
ठाऊक नाही, म्हटलं.

मग उरलेली एक थाळी दुर्बिणीखाली लावून दिली.
बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही.
“मेंढरं,” म्हणाले.
“वाघरात बसल्यागत. अंगाला अंग लावून.”
आणि थोड्या वेळानं, धंद्यातल्या माणसाच्या आवाजात :
“ह्या अंगाला वाघर सैल हाय बघा, बाई.
हितनं फुटत्याल.”

मी वाकून पाहिलं.
कडेच्या पेशी खरंच सुटायला लागल्या होत्या.
सकाळी दोनदा पाहूनही मला दिसल्या नव्हत्या.

त्या रात्री वहीत तारीख, तापमान, कड सैल.
निरीक्षकाच्या रकान्यात
बि. कोळेकर.
घामाचं पान अजून कोरं आहे.
उद्या रविवार.